ट्रॉम्बोन : रस्त्यावर राहिलेली मींड

(शिरोळ येथील व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचे शब्दांकन)



पत्रिकेवर विषय वाचून दोघा-तिघांनी मला फोन केला. एकानं तर सरळ विचारलं, "सर, छपाईची चूक झाली का? तत्त्वज्ञानाच्या माणसानं ट्रॉम्बोनवर काय बोलायचं?" चूक झालेली नाही. माझी एक जुनी चूक मात्र आहे, आणि ती जिथं केली त्याच गावात दुरुस्त करावी म्हणून हा विषय मी मागून घेतला.

ट्रॉम्बोन म्हणजे कोणतं वाद्य, ते आधी नीट डोळ्यांसमोर आणू. बँड पार्टीत पुढं क्लॅरिनेट असतो, ट्रम्पेट असतो, मागं ढोल आणि साइड ड्रम. त्यात एक माणूस पितळेची लांब नळी पुढं ढकलतो, मागं ओढतो. आम्ही पोरं त्याला सायकलचा पंप म्हणायचो. वरातीत त्याच्यापुढं जाऊन वाकायचं आणि नळी डोक्यावरून गेली की पळायचं, हा आमचा खेळ. गोऱ्यांच्या लष्करी बँडमध्ये ट्रॉम्बोनवाले पहिल्या रांगेत चालवायची पद्धत होती. कारण साधं, नळी पुढच्याच्या पाठीत बसू नये. आपल्या गल्ल्यांमध्ये रांगच नसते, तेव्हा तो बिचारा हात आखडूनच वाजवत राहतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

आता या नळीचं काम काय? तुम्ही सगळ्यांनी तुतारी ऐकलेली आहे. तुतारीला भोकं नाहीत, पट्ट्या नाहीत. वाजवणारा ओठ आवळतो, सैल करतो, आणि तिच्यातून मोजकेच सूर निघतात. षड्ज, वर पंचम, त्याच्या वर पुन्हा षड्ज, मग गंधार, पुन्हा पंचम. निसर्गानं नळीला दिलेले हे सूर. मधले सूर हवे असतील तर नळीची लांबी बदलावी लागते. ट्रम्पेटला त्यासाठी तीन कळा असतात. कळ दाबली की हवा जादा नळीतून वळसा घेऊन जाते. पण कळ म्हणजे पायरी, एका सुरावरून दुसऱ्यावर उडी. ट्रॉम्बोनमध्ये लांबी हातानं, सलग बदलते. पंधराव्या शतकात युरोपात हे सुचलं आणि मूळ रचना आजही तीच आहे. तुतारीला हात फुटला असं समजा.

नेहमीचा ट्रॉम्बोन नळी मिटलेली असताना काळी पाचचा सूर देतो. नळी पूर्ण बाहेर काढली की पांढरी तीन. या दोन टोकांमध्ये सात जागा मानतात आणि प्रत्येक जागा अर्ध्या सुरानं खाली. काळी पाचला षड्ज धरला तर सा, मग दोन्ही निषाद, दोन्ही धैवत, पंचम आणि शेवटी तीव्र मध्यम. झाल्या सात जागा. गंमत अशी, की या जागा सारख्या अंतरावर नसतात. मूळ नळी साधारण पावणेतीन मीटर. पहिल्या दोन जागांमध्ये सुमारे आठ सेंटिमीटर अंतर, शेवटच्या दोन जागांमध्ये जवळजवळ अकरा. नळी जितकी लांब, तितकं पुढच्या अर्ध्या सुरासाठी हाताला जास्त जावं लागतं. आणि या जागांवर खूण नसते, पडदा नसतो, काही नसतं. हात कानाच्या हुकमावर थांबतो. सारंगीवाल्याचं नख जसं तारेच्या कडेनं जागा शोधतं, तसाच हा हात.

म्हणजे बघा, बँडमधल्या सगळ्या पितळी वाद्यांत फक्त एका वाद्याला सलग मींड आहे. फक्त एकच असं, की ज्यावर कोमल ऋषभ थोडा अजून उतरवता येतो, आंदोलित ठेवता येतो. श्रुतींवर आपण एवढे ग्रंथ लिहिले, एवढी भांडणं केली. श्रुती घेण्याची सोय असलेलं पितळी वाद्य शंभर वर्षं आपल्या दारावरून वरातीत जात होतं, आणि आपण काय करत होतो? आपण आत बसून पेटी ऐकत होतो.

पेटीचा अपमान करायचा नाही मला. गोविंदराव टेंबे आपल्या कोल्हापूरचे. त्यांनी पेटीला जी प्रतिष्ठा दिली ती बोटांच्या आणि बुद्धीच्या बळावर. पण पेटीला मींड नाही, तिचे सूर आधीच ठरलेले, हा आक्षेप तेव्हाही होता. आकाशवाणीनं १९४० साली पेटीवर बंदी घातली आणि ती १९७१ पर्यंत टिकली. एवढी तीस वर्षं बाहेर ठेवूनही पेटी बैठकीतून हलली नाही. ख्यालाच्या साथीला आहे, भजनाला आहे, नाटकात आहे. मींड नसलेलं वाद्य गवयाच्या शेजारी बसलं आणि मींड असलेलं वाद्य रस्त्यावर चालत राहिलं. मला पडलेला प्रश्न हा आहे. वाद्याची जागा त्याच्या गुणावरून ठरते असं आपण धरून चालतो. मग हे असं का झालं?

पहिलं उत्तर संगीताचे जाणकार देतील. ते म्हणतील, "मींड आहे, पण तोकडी आहे." बरोबर आहे. एका फुंकेत, आवाज न तोडता, ट्रॉम्बोन जास्तीत जास्त सहा अर्धस्वर घसरू शकतो. तार षड्जावरून पंचमावर तो सुखानं उतरेल. पण मध्य षड्जावरून वरच्या पंचमापर्यंत सलग चढ म्हणाल, तर नळी संपते. ओठ बदलावे लागतात, सूर तुटतो. दुसरी अडचण याच्या उलटी. मींड नको असेल तेव्हाही ती येते. हात एका जागेवरून दुसऱ्या जागेवर जात असताना फुंक चालू राहिली, तर मधलं सगळं ऐकू येतं. म्हणून प्रत्येक सुराला जिभेचा हलका आघात द्यावा लागतो. आणि तान? वीतभर, हातभर नळी सरकवत द्रुत तान घ्यायची म्हणजे दंडाची तालीमच.

या अडचणी खऱ्या आहेत, पण त्यांनी प्रश्न सुटत नाही. अमेरिकेत जे. जे. जॉन्सन नावाच्या वादकानं १९४०च्या दशकात जॅझमधल्या अतिद्रुत लयीत ट्रॉम्बोन असा वाजवला, की ऐकणाऱ्यांना कळांचं वाद्य वाटावं. म्हणजे तान अवघड आहे, अशक्य नाही. शिवाय आपण इतर परक्या वाद्यांच्या अडचणी सोसल्याच की! व्हायोलिन दक्षिणेत एकोणिसाव्या शतकात आलं आणि मांडीवर बसलं. कद्री गोपालनाथ यांनी सॅक्सोफोनवर कर्नाटक संगीत उभं केलं; सॅक्सोफोनला तर कळाच कळा. पाश्चात्त्य गिटारला पडदे होते. ब्रिजभूषण काब्रा आणि विश्वमोहन भट्ट यांनी तारेवरून सळई सरकवून त्यातून मींड काढली. जिथं मींड नव्हती तिथं आपण ती आणली. जिथं होती तिथं कुणी गेलं नाही. तेव्हा कारण केवळ नळीत नाही.

दुसरं उत्तर : ट्रॉम्बोन फार मोठ्यानं वाजतो, तो उघड्यावरचा आहे. पण सनईसुद्धा उघड्यावरचीच होती. देवळाच्या नगारखान्यात, लग्नाच्या मांडवात, दाराबाहेर. बिस्मिल्ला खाँसाहेबांनी तिला बैठकीत आणलं. १९४७ साली स्वातंत्र्याच्या वेळी लाल किल्ल्यावर तीच वाजली आणि २००१ साली वादकाला भारतरत्न मिळालं. आणि ट्रॉम्बोन हळू वाजत नाही, हा तर निव्वळ गैरसमज. युरोपात तो कित्येक शतकं चर्चमध्ये गायकांच्या आवाजाला साथ करत होता. मोझार्टनं १७९१ साली आपल्या अपुऱ्या राहिलेल्या शोकरचनेत, अंतिम निवाड्याच्या प्रसंगी, एकट्या ट्रॉम्बोनला गायकासमोर उभं केलं. बेथोव्हननं १८०८ साली पाचव्या सिंफनीत त्याला तीन भाग गप्प बसवलं आणि चौथ्या भागात बोलावलं. त्यानंच १८१२ साली लिंझ गावात मृतात्म्यांच्या दिवसासाठी चार ट्रॉम्बोनच्या छोट्या रचना केल्या, आणि १८२७ साली त्याच्या स्वतःच्या अंत्ययात्रेत त्यांतल्या रचना वाजल्या. मरणाच्या दारात ज्याला बोलावलं, त्या वाद्याला गंभीर होता येत नाही असं कसं म्हणणार?

आपल्याकडे मात्र त्याला सिनेमानं एक काम लावून दिलं. विनोदी पात्र केळीच्या सालीवरून घसरलं, की ट्रॉम्बोन घसरतो. फजिती झाली की ट्रॉम्बोन. हाताची तीच हालचाल, सुराचा तोच उतार सारंगीवर झाला तर आपण डोळे मिटतो, आणि ट्रॉम्बोनवर झाला तर हसतो. सौंदर्यशास्त्र शिकवताना मला हे उदाहरण सापडलं असतं तर बरं झालं असतं. आपण नुसता सूर ऐकतच नाही. सुराबरोबर तो कुठं उभा आहे, कुणाच्या हातात आहे, कोणत्या कपड्यात आहे, हे सगळं ऐकतो. आणि मग म्हणतो, सूरच तसा आहे.

इथं तिसरं उत्तर येतं, आणि ते जरा टोचणारं आहे. अ‍ॅरिस्टॉटलनं आपल्या 'राज्यशास्त्रा'च्या आठव्या भागात मुलांच्या संगीतशिक्षणाचा विचार केला आहे. तिथं तो ऑलोस नावाचं फुंकवाद्य शिकवू नये म्हणतो. कथा अशी आहे, की अथीना देवीनं ते वाद्य शोधलं, पण वाजवताना गाल फुगून चेहरा विद्रूप होतो म्हणून फेकून दिलं. अ‍ॅरिस्टॉटलच्या मते खरं कारण वेगळं असावं, या वाद्यानं बुद्धीला काही लाभत नाही. शिवाय तोंडात वाद्य असलं की बोलता येत नाही, आणि असलं कसब धंदेवाल्यांचं. स्वतंत्र नागरिकानं संगीत ऐकून पारखावं, बोटं झिजवू नयेत.

मित्रहो, हे ग्रीसचं झालं. आपण काय वेगळं केलं? भरतमुनींनी वाद्यांचे चार वर्ग केले, त्यात सुषिर म्हणजे फुंकवाद्यांना मानाची जागा दिली. पण गावात तोंडाला लागणारं, थुंकी लागणारं वाद्य कुणी वाजवायचं, हे जातीनं ठरवलं. सनई, हलगी, शिंग कुणाच्या घरात होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. सनई वाजल्याशिवाय लग्न लागत नाही, आणि सनईवाल्याची पंगत वेगळी. पुढं इंग्रजी बँड आले तेव्हा त्यातही बहुतांशी हीच घरं शिरली. अंगावर लाल कोट चढला, सोनेरी झालर आली, जनरलसाहेबाची टोपी आली. पंगत तीच राहिली.

मुंबईत चित्र थोडं निराळं दिसतं. गोव्यात पोर्तुगीज काळापासून चर्चच्या शाळांमध्ये 'मेस्त्र' मुलांना सूर लिहायला, वाचायला शिकवायचे. ती मुलं मुंबईला आली, हॉटेलांत जॅझ वाजवू लागली, आणि तिथून स्टुडिओत गेली. आपल्या सी. रामचंद्रांबरोबर चिक चॉकलेट या नावानं ओळखले जाणारे ट्रम्पेटवादक होते. ट्रॉम्बोनवर ब्लास्को मोन्सोराते यांच्यासारखे वादक होते. हिंदी सिनेमातले पितळी सूर तुमच्या-माझ्या कानात बसले ते या लोकांच्या फुंकेतून. पण पडद्यावर नावं संगीतकाराची, गीतकाराची, गायकाची. वाजवणारा कोण ते आपण विचारलं नाही. म्हणजे कागदावरचे सूर वाचता येत होते, शिक्षण होतं, तरी नाव नव्हतं. ग्रेगरी बूथ नावाच्या परदेशी अभ्यासकानं आपल्या लग्नाच्या बँडवाल्यांवर २००५ साली अख्खं पुस्तक काढलं, पुढं स्टुडिओतल्या वादकांवर दुसरं. आपल्या विद्यापीठांतल्या संगीत विभागांना आणि माझ्यासारख्या सौंदर्यशास्त्र शिकवणाऱ्यांना हे आधी सुचायला हवं होतं.

आता माझी चूक सांगतो.

मी तिशीत होतो. अनुकरण आणि निर्मिती यांवर एक लेख लिहिला होता आणि इथंच एका शिबिरात वाचला होता. त्यात नक्कल म्हणजे काय याचं उदाहरण म्हणून मी बँड घेतला. म्हटलं, साहेबाचा कोट, साहेबाचं वाद्य आणि त्यावर मुंबईच्या गाण्याची नक्कल, नकलेची नक्कल. लोक हसले, टाळ्या पडल्या. मागच्या ओळीत आमच्या गल्लीच्या टोकाला राहणारे तात्या बसले होते. बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवायचे ते. कार्यक्रम संपल्यावर काही बोलले नाहीत. नमस्कार केला आणि गेले.

पुष्कळ वर्षांनी, निवृत्तीनंतर, मी त्यांच्या घरी गेलो होतो कशाला तरी. खुंटीवर ट्रॉम्बोन होता. मी आपलं बोलायचं म्हणून विचारलं, "तात्या, यावर गाणं कसं वाजवता?"

म्हणाले, "आम्ही गाणं नाही वाजवत सर. गाणं क्लॅरनेटवाला वाजवतो. आम्ही खाली भरतो."

'भरतो' हा त्यांचा शब्द. शेतात पाणी भरतात तसं. मी म्हटलं, "मग एकटे कधी वाजवत नाही?" जरा थांबले. मग खाली काढलं, नळीला पाण्याचा हात लावला, आणि अगदी हळू, दार लोटून घेऊन, वाजवायला लागले. ना सिनेमाचं गाणं, ना मार्च. षड्ज लावला, तिथून कोमल ऋषभावर गेले आणि तो सूर हलवत ठेवला. मनगट एखादं बोट पुढं, एखादं बोट मागं. मग तिथून षड्जावर असे उतरले, की कधी उतरले ते कळलं नाही. मिरजेच्या दर्ग्याच्या उरुसात मी आयुष्यभर गाणं ऐकत आलोय. अब्दुल करीम खाँसाहेबांची समाधी आहे तिथं. मला तो भैरवाचा ऋषभ ओळखू आला. मी विचारलं, "हे कुठं शिकलात?"

"वडील देवळात पहाटे सनई वाजवायचे. मी त्यांना षड्ज धरायचो. ते काय वाजवायचे त्याचं नाव मला ठाऊक नाही."

मित्रहो, ज्याला मी नकलेची नक्कल म्हटलं होतं, त्याच्या हातात बापाची सनई होती. तिला जागा मिळेल अशी एकच नळी त्या बँडमध्ये होती, म्हणून त्यांनी ती निवडली होती. आणि चाळीस वर्षं वरातीत हात आखडून 'भरत' होते. मी त्यांना मागची माफी मागितली का? नाही. धीर झाला नाही. पुन्हा येतो म्हणून सांगितलं.

२०१९च्या ऑगस्टमध्ये महापूर आला. त्या आठवड्यात आपल्या तालुक्यात काय झालं ते तुम्हाला सांगायची गरज नाही. तात्यांचं घर पाण्यात होतं. पाणी उतरल्यावर ट्रॉम्बोन चिखलातून निघाला, पण वरून काहीतरी पडून नळीला पोचा आला होता. या वाद्याचं तेवढंच नाजूक आहे. आतली आणि बाहेरची नळी एकमेकींत इतक्या नेमक्या बसतात, की बारीक पोचा आला तरी सरकत नाही. इथून जवळ, मिरजेत, तंबोरा आणि सतार करणारे कसबी कारागीर पिढ्यान्‌पिढ्या आहेत. तुमच्या भोपळ्याला तडा गेला तर तिथं जाता येतं. पितळी नळी सरळ करणारा मात्र जवळपास मिळेना. बँडची वाद्यं होतात उत्तर प्रदेशात मेरठला; तिथं नादिर अली यांचा कारखाना १८८५ पासूनचा. तात्या मेरठला कुठं जाणार? त्यांनी तो मोडीत घातला. पितळ किलोवर गेलं. मला हे दोन महिन्यांनी कळलं. मी विचारलं, "मला का नाही सांगितलं?" ते म्हणाले, "तुम्हाला काय उपयोग त्याचा, सर?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. चाळीस वर्षांपूर्वी मीच ते लोकांसमोर सांगितलं होतं, की याचा उपयोग नाही.

आता कुणी म्हणेल, बँडच संपत आलाय, तेव्हा ही चर्चा उशिरा आली. खरं आहे. आधी बेंजो आला, मग गाडीवरचा कीबोर्ड आला, त्यात ट्रॉम्बोनचं बटण आहे. मग डॉल्बी. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा कागदावर आहे. आपण दर गणपतीत डॉल्बीविरुद्ध बोलतो, पारंपरिक वाद्यं वाजवा म्हणतो. चांगलं आहे. पण पारंपरिक म्हणताना डोळ्यांसमोर ढोल-ताशा येतो, झांज येते, लेझीम येते. बँडवाला त्यात येत नाही. तो साहेबाचा म्हणून परंपरेतून बाहेर, आणि रस्त्यावरचा म्हणून कलेतून बाहेर. ती रेघ माझ्यासारख्यांनी ओढलेली आहे.

म्हणून माझं म्हणणं थोडक्यात सांगतो. ट्रॉम्बोन हे थोर भारतीय वाद्य आहे असा दावा मी करत नाही. त्याची मींड तोकडी आहे, तान जड आहे, हे मी वर कबूल केलंय. दावा एवढाच, की आपण त्याची परीक्षा कधी घेतलीच नाही. परीक्षा न घेता नापास केलं. आणि ज्या माणसाकडे उत्तर होतं, त्याला 'भरायला' उभं केलं.

दोन गोष्टी करता येतील. इथल्या संगीत विद्यालयांनी वर्षातून एकदा बँडच्या एखाद्या जुन्या वादकाला बोलवावं, खुर्चीवर बसवावं, हार घालून मोकळं करू नये. एकटं वाजवायला सांगावं आणि गप्प बसून ऐकावं. दुसरी गोष्ट तुमच्या हातातली. घरच्या लग्नात बँड सांगितलात, तर वरात निघायच्या आधी पाच मिनिटं ट्रॉम्बोनवाल्याला म्हणा, "काका, तुमच्या मनातलं काहीतरी हळू वाजवा." भोवती थोडी जागा करून द्या. नळी पूर्ण बाहेर यायला दोन फूट लागतात.

तात्या आता थकलेत. आज त्यांना इथं आणायची इच्छा होती, ते म्हणाले, "वाद्य नाही, तर येऊन काय करू?" मी सांगितलं, "मी तुमच्याबद्दल बोलणार आहे." त्यावर हसले आणि म्हणाले, "जपून बोला सर. मागच्या वेळी मी ऐकत होतो."

थांबतो.